स्तनपान, वैवाहिक हिंसा व मेंदूचे चित्रण

पतीकडून वा जोडीदाराकडून होणारी मारहाण, लैंगिक बळजबरी, धमकावणी व मानहानी यांचा स्तनदा मातेच्या मेंदूवर, तिच्या स्तन्यस्रवणावर व अंगावर पिणाऱ्या अर्भकावर होणारा परिणाम हा वैद्यकाच्या तीन शाखांत विभागलेला विषय आहे. प्रसूतिविज्ञानात स्तन्याचा, तंत्रिकाविज्ञानात मेंदूचा व सामाजिक वैद्यकात हिंसेचा विचार दीर्घकाळ स्वतंत्रपणे होत आला. मेंदूच्या चित्रणपद्धती विकसित झाल्यावर या तीन प्रश्नांमधील दुवा स्पष्ट होऊ लागला. ‘दूध येत नाही’ म्हणून बाळंतिणीला दिला जाणारा दोष पुष्कळदा अस्थानी असतो, हे या संशोधनाचे सर्वांत व्यवहारोपयोगी फलित होय.

स्तन्यस्रवणाची यंत्रणा : दूध तयार होणे व ते उतरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पोष ग्रंथीच्या अग्रखंडातून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या हॉर्मोनामुळे स्तनग्रंथींत दूध तयार होते. अर्भक चोखू लागले म्हणजे स्तनाग्रातील संवेदना अधोथॅलॅमसापर्यंत पोहोचते व तेथे निर्माण होणारे ऑक्सिटोसिन हे हॉर्मोन पोष ग्रंथीच्या पश्चखंडातून रक्तात मिसळते. त्याच्या प्रभावाने दुग्धकोशांभोवतीच्या स्नायुसदृश कोशिका आकुंचन पावतात व दूध वाहिन्यांत उतरते. ही दुसरी क्रिया प्रतिक्षेपी असून ती मातेच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. बाळाचे रडणे ऐकूनच पान्हा फुटतो, तसाच भीतीने तो अडतो.

मायकेल व नाइल्स न्यूटन या दांपत्याने १९४८ मध्ये एका मातेवर केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. शांत स्थितीत बाळाने सरासरी १६८ ग्रॅ. दूध घेतले. मातेला वेदना व व्यत्यय सोसावे लागल्यावर हे प्रमाण ९९ ग्रॅ. इतके घटले. व्यत्यय तसाच ठेवून ऑक्सिटोसिन टोचले असता ते १५३ ग्रॅ.पर्यंत वाढले. म्हणजे स्तनांत दूध होते, पण ते उतरत नव्हते. पुढील संशोधनातही मानसिक ताणाखाली ऑक्सिटोसिनाचे स्पंद कमी होतात, मात्र प्रोलॅक्टिनावर फारसा परिणाम होत नाही, असे दिसून आले. तथापि दीर्घकाळ दूध पुरेसे बाहेर न पडल्यास त्याची निर्मितीही मंदावते. घरात ज्याला ‘दूध आटले’ म्हणतात, त्या अवस्थेची सुरुवात पुष्कळदा अशी होते.

चित्रणपद्धती : मेंदूच्या रचनेचे जिवंतपणी दर्शन घडविणाऱ्या पद्धतींत संगणकीय छेदचित्रण (सीटी स्कॅन) ही प्रथम रूढ झाली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये पहिले रुग्णचित्रण झाले व १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. कवटीचा अस्थिभंग व ताजा रक्तस्राव या पद्धतीने त्वरित कळतो. चुंबकीय अनुस्पंदन चित्रणात (एमआरआय) क्ष-किरण वापरावे लागत नाहीत व मेंदूतील करड्या व पांढऱ्या द्रव्यांचा भेद स्पष्ट दिसतो. या पद्धतीच्या विकासाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. रक्तातील ऑक्सिजनाच्या प्रमाणानुसार अनुस्पंदनाचा संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखविले. त्यातून कार्यदर्शी चुंबकीय चित्रण ही शाखा निर्माण झाली व विशिष्ट क्षणी मेंदूचा कोणता भाग अधिक क्रियाशील आहे, हे पाहता येऊ लागले.

मातेचा मेंदू : पहिल्या गर्भारपणात मेंदूच्या काही भागांतील करड्या द्रव्याचे आकारमान घटते व हा बदल प्रसूतीनंतर किमान दोन वर्षे टिकतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रणाभ्यासातून दिसले. हे बदल विकृतिरूप नसून मातृत्वाशी जुळवून घेणारे असावेत, असे मानले जाते. पिलयंग किम व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पहिल्या महिन्यातील मातांना स्वतःच्या बाळाचे रडणे ऐकविले. तेव्हा अंगावर पाजणाऱ्या मातांच्या मेंदूतील भावना व प्रतिसाद यांच्याशी निगडित केंद्रे बाटलीने पाजणाऱ्या मातांपेक्षा अधिक क्रियाशील झालेली आढळली. मात्र अभ्यासलेल्या मातांची संख्या लहान होती. पाजण्यामुळे मेंदू बदलला की तशा मातांनीच पाजणे निवडले, हे अशा अभ्यासावरून ठरत नाही. पाजू न शकणाऱ्या मातेची माया कमी असते, असा अर्थ त्यातून मुळीच निघत नाही.

हिंसेचा आघात : ईव्ह व्हलेरा व शेरी बेरेनबाउम यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील ९९ पीडित स्त्रियांच्या मुलाखती व चाचण्या घेतल्या. त्यांपैकी सु. तीन-चतुर्थांश स्त्रियांना जोडीदाराच्या मारहाणीमुळे एकदा तरी मेंदूची दुखापत झाली होती व सु. निम्म्या स्त्रियांना ती वारंवार झाली होती. डोके भिंतीवर आपटणे, डोक्यावर प्रहार करणे व गळा दाबणे ही त्याची प्रमुख कारणे होत. गळा दाबल्याने मेंदूचा ऑक्सिजन-पुरवठा खंडित होतो, परंतु बाहेरून व्रण दिसेलच असे नाही. विसराळूपणा, डोकेदुखी, झोपमोड, चिडचिड व निर्णय घेण्यातील मंदपणा ही अशा दुखापतीची लक्षणे असतात. बाळंतिणीच्या बाबतीत ती ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ किंवा ‘आळस’ म्हणून सहज दुर्लक्षिली जातात.

सौम्य दुखापतीत संगणकीय छेदचित्र बहुधा निर्दोष दिसते. चित्र स्वच्छ आहे म्हणजे आघात झाला नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. मेंदूच्या निरनिराळ्या जाळ्यांतील परस्परसंबंध तपासणाऱ्या कार्यदर्शी चित्रणातून काही सूक्ष्म बदल दिसतात, पण ते स्त्रियांच्या समूहाविषयी बोलतात. एखाद्या स्त्रीच्या चित्रावरून तिच्यावर हिंसा झाली की नाही, हे सांगणारी कोणतीही चित्रणपद्धती नाही.

अर्भकावरील परिणाम : स्तनपान मिळालेल्या बालकांत मेंदूच्या पांढऱ्या द्रव्याचा विकास अधिक झालेला दिसतो, असे १३३ बालकांच्या चुंबकीय चित्रणावर आधारित २०१३ च्या एका अभ्यासात आढळले. दक्षिण आफ्रिकेतील ड्रॅकेन्स्टाइन बालआरोग्य अभ्यासात झोपलेल्या नवजात बालकांचे चित्रण करण्यात आले. गर्भारपणी हिंसा सोसलेल्या मातांच्या बालकांत मेंदूतील काही खोल केंद्रांच्या आकारमानात फरक दिसला. या दोन्ही ठिकाणी दारिद्र्य, शिक्षण व मातेचे नैराश्य या घटकांचा प्रभाव पूर्णपणे वेगळा काढणे कठीण असते. हिंसा व स्तनपान यांचा थेट संबंध मात्र मोठ्या पाहण्यांतून पुढे आला आहे. एक्कावन्न अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील पाहण्यांचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण पाहता, जोडीदाराच्या हिंसेला सामोऱ्या गेलेल्या मातांत जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू होण्याची व पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान चालू राहण्याची शक्यता कमी आढळली.

स्तनदा मातेची तपासणी : डोक्याला मार लागलेल्या मातेचे चित्रण ‘दूध बिघडेल’ या भीतीने टाळणे किंवा तपासणीनंतर बाळाला तोडणे हे दोन्ही अनावश्यक आहे. क्ष-किरण दुधात साठून राहत नाहीत व चुंबकीय क्षेत्राचा दुधावर परिणाम होत नाही. चित्र स्पष्ट येण्यासाठी टोचलेल्या गॅडोलिनियमयुक्त द्रव्याचा ०.०४ टक्क्यांहून कमी अंश दुधात उतरतो व त्याचाही अत्यल्प भाग बाळाच्या आतड्यातून शोषला जातो. म्हणून स्तनपान थांबविण्याची सामान्यतः गरज नसते. किरणोत्सर्गी द्रव्य वापरणाऱ्या पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रणानंतर (पेट) मात्र काही तास बाळाशी निकट संपर्क मर्यादित ठेवतात व काढलेले दूध दुसऱ्या व्यक्तीकडून पाजवितात.

यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ : २०११ च्या जनगणनेनुसार सु. २७.७२ लाख लोकसंख्येचा हा विदर्भातील जिल्हा प्रामुख्याने ग्रामीण असून कापूस हे त्याचे मुख्य पीक आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध इ. आदिवासी जमातींची येथे मोठी वस्ती आहे. पीक बुडणे, कर्ज व शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर ज्ञात झाले. या अरिष्टाचा घरातील अंगाने विचार कमी होतो. कर्जाचा ताण व दारू यांचा भार अखेर स्त्रीवर येतो. निंदणी व वेचणीच्या हंगामात बाळंतीण लवकर मजुरीवर जाते, पाजण्याच्या वेळा चुकतात व बाळाला वरचे दूध सुरू होते. पातळ केलेल्या, अस्वच्छ भांड्यातील दुधाने अतिसार व कुपोषण संभवते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सु. एक-चतुर्थांश स्त्रियांनी पतीच्या हिंसेचा अनुभव सांगितला. सहा महिन्यांखालील सु. ७१ टक्के बालकांना निव्वळ स्तनपान मिळत होते, पण जन्मानंतर पहिल्या तासात ते सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण निम्म्याहून थोडेच अधिक होते. दारू व मारहाण यांचा संबंध विदर्भातील स्त्रियांनी स्वानुभवाने जाणला होता. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पूर्वीपासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठविण्यात आली. यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांनीही दारूबंदीसाठी आंदोलने केली. गावातील दुकान बंद करण्यासाठी होणाऱ्या मतदानात ‘आडव्या बाटली’वर मत देणे ही त्यांची परिचित खूण होय.

उपाययोजना : खेड्यातील बाळंतिणीपर्यंत चित्रणयंत्र पोहोचत नाही, आशा कार्यकर्ती पोहोचते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९० नंतरच्या दशकात गृहाधारित नवजात बालसेवेची पद्धत सिद्ध केली व २०११ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. तीनुसार संस्थेत प्रसूती झाल्यास आशा पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाते. बाळाचे वजन व स्तनपान पाहण्यासाठी होणाऱ्या या भेटी मातेची विचारपूस करण्याचीही संधी होत. मात्र सासू किंवा पती यांच्यासमोर विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही व त्यामुळे मातेला धोकाही संभवतो. म्हणून एकांत व गुप्तता या दोन अटी पाळाव्याच लागतात. मातेच्या नैराश्याबाबत यवतमाळला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ प्रकल्पाचा अनुभव उद्‌बोधक आहे. तेथील ३० खेड्यांत गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या साहाय्याने १८ महिन्यांत उपचारांपर्यंत पोहोचलेल्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

रुग्णालयांतच पीडित स्त्रियांना साहाय्य देण्याचा ‘दिलासा’ हा उपक्रम मुंबईत २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झाला. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्यान्वये संरक्षण अधिकाऱ्यामार्फत संरक्षणाचा, निवासाचा व अपत्याच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागता येतो. अंगावर पिणारे बाळ असलेल्या स्त्रीला घराबाहेर काढले जाते, तेव्हा निवासाचा आदेश हा तिच्या दुधाचाही आधार ठरतो. शांत जागा, विसावा, पोटभर अन्न व वारंवार पाजण्यास मदत मिळाली, तर मंदावलेले स्तन्य अनेकदा पुन्हा वाढते. चित्रणशास्त्राने दाखविलेली मेंदूची हानी समजून घेणे आवश्यक आहे. तथापि ‘दूध का उतरत नाही’ या प्रश्नाबरोबर ‘घरात तुला भीती वाटते का’ हाही प्रश्न बाळंतिणीला विचारला जाणे, हा या अभ्यासाचा गावपातळीवरील खरा उपयोग होय.