पत्त्यांच्या दप्तराचे हस्तांतर

१ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. गावे होती तेथेच राहिली. शेते, विहिरी, देवळे जागची हलली नाहीत. हलली ती दप्तरे. ती नीट हलविली गेली तर सामान्य नागरिकास बदल जाणवतही नाही; एखादे बाड मागे राहिले, तर मात्र त्याला वर्षानुवर्षे हेलपाटे पडतात.

याच जातीचे, पण डोळ्यांना न दिसणारे एक स्थलांतर संगणकाधारित कार्यालयांत अधूनमधून करावे लागते. कार्यालयातील संगणकांना पत्ते वाटून देणारी सेवा जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर नेणे, हे ते काम होय. काम तंत्रज्ञाचे असले, तरी त्याचे बरेवाईट परिणाम दाखल्याच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला भोगावे लागतात. म्हणून अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनीही त्याचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

पत्ता कशासाठी?

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या या योजनेमुळे सातारा ४१५००१ आणि सांगली ४१६४१६ अशी ओळख टपाल खात्यास मिळाली. संगणकांच्या जाळ्यातही माहिती योग्य ठिकाणी पोहोचण्यासाठी प्रत्येक यंत्रास अंकांचा एक पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. पिनकोड कायमचा असतो; कार्यालयातील संगणकाचा पत्ता मात्र बहुधा उसना असतो.

पूर्वी प्रत्येक यंत्रावर हा पत्ता हाताने लिहावा लागे. दहा यंत्रे असतील तोवर हे साधते. शंभर झाली की एकच पत्ता चुकून दोघांना दिला जातो आणि दोघांचेही काम अडते. ही अडचण दूर करण्यासाठी १९९३ साली डीएचसीपी ही पद्धती प्रमाणित करण्यात आली. तिच्या रचनेत अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांचा प्रमुख वाटा होता.

मुदतीचा व्यवहार

या पद्धतीचे काम ग्रंथालयासारखे चालते. संगणक सुरू होताच तो जाळ्यात पुकारा करतो, ‘मला पत्ता हवा.’ सर्व्हर उपलब्ध पत्ता देऊ करतो, संगणक त्याची रीतसर मागणी करतो आणि सर्व्हर वहीत नोंद करून मान्यता देतो. पत्ता ठराविक मुदतीसाठी मिळतो. निम्मी मुदत सरली की संगणक आपण होऊन नूतनीकरण मागतो. ते मिळाले नाही, तरी उरलेली मुदत संपेपर्यंत जुन्या पत्त्यावर त्याचे काम चालू राहते.

या शेवटच्या गोष्टीत सोय आहे आणि धोकाही आहे. सेवा तासभर बंद राहिली, तरी चालू यंत्रे थांबत नाहीत, ही सोय. परंतु हस्तांतरात चूक झाली असेल, तर ती त्या दिवशी उघड होत नाही. मुदत जर आठ दिवसांची असेल, तर शनिवारी केलेली चूक पुढील आठवड्यात एकेका टेबलावर डोके वर काढते. तोवर तंत्रज्ञ परत गेलेला असतो.

बदल का अटळ?

यंत्रे झिजतात आणि आज्ञावलीही म्हाताऱ्या होतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर २०१२ या आज्ञावलीचा नेहमीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. जगभर वापरल्या गेलेल्या आयएससी डीएचसीपी या मुक्त आज्ञावलीची देखभाल तिच्या कर्त्या संस्थेने २०२२ च्या अखेरीस थांबविली आणि ‘केआ’ या नव्या आज्ञावलीचा पुरस्कार केला. आधार संपलेल्या आज्ञावलीतील सुरक्षेची छिद्रे कोणी बुजवीत नाही. शासकीय कार्यालयाने अशा यंत्रावर विसंबून राहणे इष्ट नव्हे.

कार्यभार देण्याची रीत

तलाठ्याची बदली झाली की दप्तराची यादी होते, ताबा दिला-घेतला जातो आणि मगच नवा तलाठी नोंदी घालू लागतो. येथेही तसेच करावयाचे असते.

प्रथम यादी. कोणत्या पत्त्यांचे वाटप होते, कोणते वगळले आहेत, मुद्रणयंत्रे व हजेरीयंत्रे यांसाठी कोणते राखून ठेवले आहेत आणि बाहेर जाण्याचा मार्ग कोणता सांगितला जातो, हे सारे कागदावर उतरवावे. राखीव पत्त्यांपैकी एक जरी विसरला, तरी दाखला तयार होतो, पण छापून हाती पडत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. हस्तांतरापूर्वी, जुन्या मुदतीइतके दिवस आधीच, ती कमी करून तासा-दोन तासांवर आणावी. म्हणजे चूक असल्यास ती तंत्रज्ञ जागेवर असतानाच कळते. मात्र मुदत अल्प असताना सेवा फार वेळ बंद ठेवता येत नाही, हे ध्यानी ठेवावे.

तिसरी गोष्ट वहीची. केवळ नियम नव्हे, तर कोणता पत्ता कोणाकडे आहे ही चालू नोंदही नव्या सर्व्हरवर न्यावी. त्यानंतर जुनी सेवा बंद करावी आणि मगच नवी सुरू करावी. एकमेकांची वही ठाऊक नसलेले दोन सर्व्हर एकाच पत्त्यांचे वाटप करू लागले, तर एकाच गटाचे फेरफार दोन तलाठ्यांनी दोन वह्यांत घातल्यासारखे होते.

तालुक्याची वाट

खरी परीक्षा मुख्यालयाबाहेर होते. संगणकाचा पुकारा आपल्या राउटरपलीकडे जात नाही. पत्त्यांचे वाटप मुख्यालयातून होत असेल, तर जत, आटपाडी, माण वा पाटण येथील कार्यालयाचा पुकारा तेथील राउटरने पुढे पाठवावा लागतो, आणि त्यासाठी सर्व्हरचा पत्ता राउटरमध्ये लिहिलेला असतो. नव्या सर्व्हरचा पत्ता वेगळा असेल आणि ही नोंद बदलली नाही, तर मुख्यालयात सर्व सुरळीत चालते. तालुक्यात मात्र पत्ता मिळत नाही. अशा वेळी विंडोज यंत्रावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. शाळेतील शिक्षकाने वा ग्रामपंचायतीच्या संगणकचालकाने एवढी खूण सांगितली, तरी दोष शोधण्याचे निम्मे काम होते.

वेळेची निवड

सुट्टीचा दिवस निवडणे योग्यच. परंतु हंगामही पाहावा. मार्चअखेर देयकांची घाई असते. जूनमध्ये प्रवेशासाठी उत्पन्नाचे व जातीचे दाखले हवे असतात. आषाढी वारीच्या काळात माउलींची पालखी लोणंद-फलटण मार्गे जाते आणि सातारा जिल्ह्याची यंत्रणा त्यात गुंतलेली असते. पावसाळ्यात सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाकडे लागते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या जिल्ह्यात नियंत्रण कक्षाचे जाळे ऐन पावसाळ्यात उलगडणे परवडणारे नाही.

काम झाल्यावर प्रत्येक तालुक्यातील एक यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि नवा सर्व्हर त्यास पत्ता देतो की नाही, हे दूरध्वनीवरून पडताळावे. जुने यंत्र काही दिवस बंद अवस्थेत जपून ठेवावे. शेवटी मुदत पूर्ववत करावी.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित कालमर्यादेत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. जतहून पहाटेच्या एस.टी.ने सांगलीस आलेल्या शेतकऱ्यास डीएचसीपी ठाऊक असण्याचे कारण नाही. ‘नेट बंद आहे, उद्या या’ हे शब्द मात्र त्यास चांगले ठाऊक असतात, आणि त्यांची किंमत एका दिवसाची मजुरी असते. दप्तराचा ताबा चोख दिला-घेतला, तर हे शब्द उच्चारण्याची वेळ येणार नाही.