सरकारी लेखापरीक्षक घडतो कसा?

चंडीगडच्या सीमेला लागून, पंजाबच्या साहिबजादा अजितसिंह नगर जिल्ह्यात मुल्लानपूर हे गाव आहे. 'न्यू चंडीगड' या नावाने विकसित होत असलेल्या या परिसरात टाटा स्मारक केंद्राने ३०० खाटांचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय व संशोधन केंद्र उभारले. २४ ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. त्यासाठी ६६० कोटी रुपयांहून अधिक खर्च आला.

सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या अशा कोणत्याही रुग्णालयाचा हिशेब तपासायचा, तर तपासणाऱ्याला काय काय यावे लागते? देयके आणि प्रमाणके जुळवता येणे ही केवळ पहिली पायरी झाली. यंत्रखरेदीच्या निविदेत खरी स्पर्धा होती का, यंत्र आल्यानंतर किती दिवस वेष्टनातच पडून राहिले, ते चालविण्यासाठी तंत्रज्ञ नेमला होता का, या प्रश्नांची उत्तरे रोकडवहीत सापडत नाहीत. खर्च नियमानुसार झाला की नाही, एवढ्यावर न थांबता काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता तपासणाऱ्या या पद्धतीस कार्यसिद्धी लेखापरीक्षण म्हणतात. महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेवरील असाच एक अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये राज्य विधिमंडळात मांडण्यात आला. मनुष्यबळाच्या तुटवड्याकडेही त्यात लक्ष वेधलेले आहे.

हे काम भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अधिपत्याखाली चालते. राज्यघटनेची कलमे १४८ ते १५१ आणि १९७१ चा अधिनियम हा त्याचा पाया होय. अधिकार मोठे असले, तरी ते वापरणारी माणसे घडवावी लागतात. संघ लोकसेवा आयोगामार्फत निवडलेल्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण सिमला येथील राष्ट्रीय अकादमीत होते. १९५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था 'यारोज' या ब्रिटिशकालीन वास्तूत आहे. मात्र प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन दप्तर उघडणारा असतो तो लेखापरीक्षक किंवा साहाय्यक लेखापरीक्षा अधिकारी. कर्मचारी निवड आयोगामार्फत आलेल्या या वर्गासाठी प्रादेशिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांपैकी मुंबई आणि नागपूर येथील दोन महाराष्ट्रात आहेत. अलीकडच्या वर्षांत या संस्थांना क्षमतावृद्धी व ज्ञान संस्था असे नवे नाव मिळाले. काम मुख्यतः तेच राहिले.

साहाय्यक अधिकाऱ्याची खरी कसोटी म्हणजे 'एसएएस' ही विभागीय परीक्षा. थेट भरती झालेल्यांना ती परिवीक्षा काळात उत्तीर्ण व्हावी लागते. कनिष्ठ पदावरील कर्मचाऱ्यांसाठी तीच बढतीची वाट असते. दिवसभर कार्यालय आणि रात्री वित्तीय नियमांची पुस्तके, असा क्रम अनेक घरांनी पाहिलेला आहे.

परीक्षेत गुण मिळवून देणाऱ्या पाठांतरापेक्षा अवघड गोष्ट आहे ती आक्षेप लिहिण्याची. तपासणीत शंका आली की लेखापरीक्षक संबंधित कार्यालयास अर्धसमास पत्र देतो. कागदाच्या एका बाजूस प्रश्न आणि दुसऱ्या बाजूस उत्तरासाठी मोकळी जागा, म्हणून हे नाव. त्या उत्तरानंतर मुद्दा टिकला, तर तो तपासणी अहवालात जातो. गंभीर असल्यास पुढे विधिमंडळापुढील अहवालात आणि तेथून लोकलेखा समितीकडे पोहोचतो. या प्रवासात कोठेही पुरावा अपुरा पडला, मोजमाप पुस्तिकेतील एखादी नोंद चुकीची वाचली गेली किंवा लागू नसलेल्या शासन निर्णयाचा आधार घेतला गेला, तर आक्षेप गळून पडतो. खरोखर गेलेला पैसा मग परत येत नाही. उलट घाईने लिहिलेल्या एका वाक्यामुळे निर्दोष अभियंत्याला वर्षानुवर्षे खुलासे देत बसावे लागू शकते. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील माणसासाठी ही साधी गोष्ट नव्हे. म्हणूनच आकडेमोडीइतकेच मसुदालेखनाला प्रशिक्षणात स्थान असणे अगत्याचे ठरते.

दप्तरही आता बदलले आहे. महाराष्ट्रात वेतनासाठी 'सेवार्थ' आणि निधिवितरणासाठी 'बीम्स' या संगणक प्रणाली आल्या. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर विक्रीकराच्या तपासणीत मुरलेल्या लेखापरीक्षकांनाही नव्याने अभ्यासाला बसावे लागले. लाखो नोंदींतून संशयास्पद व्यवहार वेगळे काढणे हे आज वेगळेच कौशल्य आहे. माहिती प्रणालींच्या लेखापरीक्षणासाठी नोएडा येथे, तर पर्यावरणविषयक लेखापरीक्षणासाठी जयपूर येथे आंतरराष्ट्रीय केंद्रे आहेत. तेथे परदेशांतील लेखापरीक्षकही शिकण्यासाठी येतात.

सर्वांत मागे राहिलेले क्षेत्र स्थानिक स्वराज्य संस्थांचे. महाराष्ट्रात या संस्थांच्या निधीची तपासणी १९३० च्या कायद्यानुसार स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा करते. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर तिला तांत्रिक मार्गदर्शन देण्याची भूमिका महालेखापरीक्षकांकडे आली. याच विषयाला वाहिलेले आंतरराष्ट्रीय केंद्र जुलै २०२४ मध्ये राजकोट येथे सुरू झाले.