एकाच वेदीपुढच्या दोन उपासना

काही धर्मसंस्थांची ओळख त्यांच्या सिद्धान्तग्रंथांवरून पटते, काहींची त्यांच्या सर्वोच्च आचार्यांच्या आज्ञांवरून; परंतु अमेरिकेतील एपिस्कोपल चर्च या अँग्लिकन परंपरेतील संस्थेची ओळख मुख्यतः तिच्या प्रार्थनापुस्तकावरून पटते. सर्वांनी एकत्र जमून जे म्हणावयाचे तेच सर्वांनी मानावयाचे, असा तेथील संकेत असल्यामुळे त्या पुस्तकातील एखादे वाक्य वगळले गेले, तरी भाविकाला आपल्या श्रद्धेचाच काही अंश हिरावून घेतल्यासारखे वाटते. आणि परंपरानिष्ठ व सुधारणावादी उपासकांमधील जो कलह परक्याला केवळ भाषेचा वा रिवाजाचा भासतो, तो वस्तुतः ईश्वरापुढे मनुष्याने कोणत्या नात्याने उभे राहावे याविषयीचा आहे.

या पुस्तकाचे मूळ इंग्लंडात आहे. 1549 साली आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी लॅटिन विधींच्या जागी इंग्रजी उपासनेचे पुस्तक सिद्ध केले आणि कायद्याने त्याचा अंमल देशभर सुरू झाला. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर बिशपपदासाठी लागणारी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणे अमेरिकन याजक सॅम्युएल सीबरी यांना अशक्य झाले, म्हणून त्यांनी 1784 मध्ये स्कॉटलंडातील ॲबर्डीन येथे बिशपपदाची दीक्षा घेतली. पुढे 1789 मध्ये नव्या राष्ट्रातील चर्चने आपले स्वतंत्र प्रार्थनापुस्तक मंजूर केले. 1892 व 1928 मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, तथापि क्रॅन्मर यांच्या गद्याची गंभीर लय त्यांत टिकून राहिली.

आज परंपरा म्हणून ज्याचा अभिमान बाळगला जातो, त्यातले बरेचसे एके काळी नवे होते. 1833 मध्ये ऑक्सफर्ड येथे सुरू झालेल्या चळवळीच्या प्रभावाने धूप, मेणबत्त्या आणि भरजरी याजकवस्त्रे अमेरिकन चर्चमध्ये येऊ लागली, तेव्हा जुन्या वळणाच्या लोकांनी रोमचे अनुकरण म्हणून त्यांना कडाडून विरोध केला, आणि 1873 मध्ये केंटकीचे सहायक बिशप जॉर्ज डेव्हिड कमिन्स यांनी बाहेर पडून निराळे चर्च स्थापन केले. तोच धूप आणि तीच वस्त्रे आता परंपरेची खूण ठरली आहेत.

विसाव्या शतकात वादाला वेगळे वळण मिळाले. अँग्लिकन विद्वान ग्रेगरी डिक्स यांच्या उपासनेवरील 1945 मधील ग्रंथाने आणि पुढे रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आद्य ख्रिस्ती उपासनेच्या घडणीकडे विद्वानांचे लक्ष वेधले. उदाहरणार्थ, रविवारी गुडघे टेकू नयेत, उभ्याने प्रार्थना करावी, असा नियम 325 सालच्या नायसिया येथील परिषदेने केला होता. तेव्हा आपण काही नवे काढीत नसून सोळाव्या शतकाच्याही मागे जात आहोत, असे सुधारकांचे म्हणणे होते. परंपरानिष्ठांना हा युक्तिवाद पटला नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या ज्या शब्दांनी बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी झाले ते शब्द त्यांना इतिहासाच्या पुराव्यापेक्षा अधिक जवळचे होते. न्यूयॉर्कमधील सेंट मार्क्स चर्चचे उपासक असलेले कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी तेथील बदलांचा तीव्र निषेध केला. 1971 मध्ये जुन्या पुस्तकाच्या रक्षणार्थ एक संस्थाही उभी राहिली. त्यात 1976 च्या मिनियापोलिस येथील चर्चच्या महासभेने नव्या पुस्तकाला पहिली मंजुरी दिली आणि त्याच अधिवेशनात स्त्रियांना याजकपदही खुले केले, त्यामुळे उपासनेची तक्रार आणि सिद्धान्ताची तक्रार एकमेकींत गुंतल्या. पुढल्याच वर्षी सेंट लुइस येथे जमलेल्या असंतुष्टांनी वेगळी वाट धरली.

1979 मध्ये कायम झालेल्या पुस्तकात तडजोड म्हणून दोन विधी ठेवले गेले: पहिला जुन्या भाषेतला, दुसरा प्रचलित भाषेतला. त्याचा परिणाम अनेक चर्चमध्ये रविवारी सकाळी दिसतो. आठ वाजता मोजके, बहुधा वयस्क लोक येतात, संगीत नसते, पापांगीकार गुडघ्यांवर होतो, आणि प्रभुभोजनापूर्वी आपण या मेजाला पात्र नाही असे सांगणारी क्रॅन्मरकालीन नम्र प्रार्थना म्हटली जाते. साडेदहाला मुलाबाळांसह कुटुंबे येतात. सामान्य सभासद शास्त्रपाठ वाचतात, याजक वेदीमागे लोकांकडे तोंड करून उभा राहतो, शेजारपाजारचे परस्परांचे हात हाती घेऊन शांतीच्या शुभेच्छा देतात, आणि ती नम्र प्रार्थना या विधीत नसते. पहिल्यात क्षमा मागणाऱ्या जीवाची लीनता आहे, दुसऱ्यात क्षमा लाभलेल्या कुटुंबाचा आनंद आहे. आणि ख्रिस्ती श्रद्धेला दोहोंवाचून पूर्णता नाही.

या दोन टोकांमधील अंतर किती, हे पाहावयाचे तर न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील सेंट टॉमस चर्चमध्ये मुलांच्या व पुरुषांच्या गायकवृंदाची शतकाहून अधिक जुनी शिस्त ऐकावी, आणि सॅन फ्रान्सिस्कोतील सेंट ग्रेगरी ऑफ निसा चर्चमध्ये वेदीभोवती फेर धरून नाचणारी मंडळी पाहावी, ज्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर नृत्य करणाऱ्या संतांच्या मेळ्यात महात्मा गांधींचेही चित्र आहे.

वाद अद्याप मिटलेला नाही. ईश्वराचा उल्लेख केवळ पुल्लिंगी शब्दांनीच का करावा, या प्रश्नातून 1998 मध्ये पूरक प्रार्थनांचा संग्रह निघाला. 2015 मध्ये समलिंगी विवाहाच्या विधींना मान्यता मिळाली. आणि 2018 च्या ऑस्टिन येथील महासभेत संपूर्ण फेररचनेची मागणी पुढे आली, तेव्हा 1979 च्या पुस्तकाचा वापर अबाधित ठेवून नवे मसुदे तयार करावेत, असा मध्यममार्ग स्वीकारला गेला.

महाराष्ट्राला हा प्रश्न सर्वस्वी अपरिचित नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अँग्लिकनांसह सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, तेव्हा निरनिराळ्या वळणांच्या उपासकांना एकाच छत्राखाली सामावून घेण्याची कसोटी येथेही लागली होती.

दोन विधींची मुभा देऊन एपिस्कोपल चर्चने उपासनेच्या प्रश्नावरून होणारी मोठी फूट टाळली, हे तिचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु त्या मुभेमुळे आठचे उपासक आणि साडेदहाचे उपासक वर्षानुवर्षे एकमेकांची तोंडेही न पाहता एकाच चर्चचे सभासद राहू शकतात, हा तिचा दोषही तितकाच खरा आहे. सामुदायिक प्रार्थनेचे सामर्थ्य तिच्या शब्दांच्या प्राचीनतेत किंवा नावीन्यात जितके आहे, त्याहून अधिक ते भिन्न प्रकृतीच्या माणसांनी ती मिळून म्हणण्यात आहे. म्हणून चर्चच्या चालकांनी वर्षातून काही रविवार तरी एकच उपासना ठेवावी आणि तीत दोन्ही विधी आळीपाळीने चालवावेत. दुसऱ्याच्या शब्दांत आपली प्रार्थना करता येणे ही सवय ज्या समाजाला लागेल, त्याला पुस्तकाच्या पुढल्या फेररचनेचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही.