फुकट लिनक्सचा हिशेब

लायसन्स फुकट म्हणजे सगळंच फुकट, असं समजणाऱ्यांनी जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेचा हिशेब पाहावा.

२००३ साली तिथल्या नगरसभेने सुमारे १४,००० संगणक विंडोजवरून लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला गेले. यावरून कंपनीची धास्ती कळते. काम संपायला मात्र २०१३ उजाडलं. खरा खर्च खात्याखात्यांत पसरलेल्या हजारो अर्जनमुन्यांमध्ये आणि मॅक्रोंमध्ये, म्हणजे कागदपत्रांतल्या छोट्या स्वयंचलित आज्ञावल्यांमध्ये, होता. ते निस्तरायला पालिकेने 'वोलमक्स' नावाचं सॉफ्टवेअर स्वतःच लिहिलं. शिवाय कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण.

२०१२ मध्ये पालिकेने आकडे मांडले: लिनक्सचा खर्च सुमारे २.३ कोटी युरो, विंडोजचा झाला असता ३.४ कोटी. मायक्रोसॉफ्टने एचपीकडून करून घेतलेल्या अभ्यासात लिनक्सच महाग ठरलं! कोणता खर्च कुठल्या खात्यात धरायचा, यातच सारी मेख.

२०१७ मध्ये सत्तेची समीकरणं बदललेल्या नगरसभेने पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं. या परतीच्या प्रवासाचा अंदाज होता जवळपास ५ कोटी युरो.