शुश्रूषेला पुराव्याचा आधार

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडील वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणत आल्या आहेत. या बोलण्यातील सत्य ज्यांना रोज अनुभवावे लागते, त्यांत खेड्यापाड्यांतील परिचारिकांचा क्रम पहिला लागेल. बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमेवरच्या तालुक्यांतील एखादे आरोग्य उपकेंद्र डोळ्यांसमोर आणावे. मूल जन्मास आले, ते रडले, बाहेर बसलेल्या मंडळींचा जीव भांड्यात पडला. सर्वांचे लक्ष आता बाळाकडे. परिचारिकेचे लक्ष मात्र मातेकडे असते. कारण खरी जोखमीची घटका आता सुरू झालेली असते. रक्त जात असते. जवळ उभी असलेली सासू म्हणते, "जाऊ द्या, बाई. तेवढे जायलाच हवे. अंगातली घाण निघून जाते." परिचारिका म्हणते, "आजी, थोडे जाईलच. पण किती गेले ते पाहिले पाहिजे."

किती गेले, ते कसे पाहावयाचे? आणि फार गेले असे केव्हा समजावयाचे? साधे दिसणारे हे प्रश्न आहेत. पण त्यांच्या उत्तरावर एका स्त्रीचे प्राण अवलंबून असतात. हे उत्तर रूढीवर सोपवावे, स्वतःच्या अनुभवावर सोपवावे, की आणखी कशावर?

अनुभव हा मोठा गुरू खरा. परंतु या गुरूचीही एक मर्यादा आहे. एका उपकेंद्रातील परिचारिकेच्या हातून वर्षाकाठी होणारी बाळंतपणे ती किती! जे संकट शंभरांत एकीवर येते, ते तिच्या दृष्टीस कित्येक महिने पडणारही नाही. मग "आमच्याकडे असे कधी होत नाही" ही समजूत दृढ होते, आणि ज्या दिवशी ते होते त्या दिवशी तयारी नसते. शिवाय मनुष्याची स्मृती पक्षपाती असते. जे निभावले ते ती ध्यानात ठेवते आणि जे बिघडले ते दैवाच्या माथी मारते. म्हणून पुष्कळ स्त्रियांची, पुष्कळ दिवसांची, काटेकोर मोजणी करून जे हाती लागते त्याला संशोधनाचा पुरावा म्हणतात. अशा पुराव्याच्या आधारे शुश्रूषेचे निर्णय घ्यावेत, हा आज जगभर मान्य झालेला विचार आहे.

या विचाराचा एक उत्तम दाखला कर्नाटकाच्याच दुसऱ्या सीमेवर, बेळगाव जिल्ह्यात घडला. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी अमेरिकेतील संशोधकांसह बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा अभ्यास हाती घेतला. पहिला प्रश्न मोजण्याचाच होता. आजवर परिचारिका व डॉक्टर नजरेने अंदाज करीत. अभ्यासकांनी प्लास्टिकची एक साधी पिशवी उपयोगात आणली. ती मातेखाली पसरावयाची. तिच्या निमुळत्या टोकात रक्त साठते आणि त्यावरील खुणांवरून ते किती ते वाचता येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात ही पिशवी आणि नजरेचा अंदाज यांची तुलना झाली, तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. म्हणजे अनुभवी डोळादेखील फसत होता. आणि तो फसत होता तो धोका कमी दाखवण्याच्या बाजूने.

दुसरा प्रश्न औषधाचा होता. गर्भाशय आकुंचन पावावे आणि रक्त थांबावे यासाठी ऑक्सिटोसिन नावाचे इंजेक्शन उत्तम. परंतु ते थंड ठेवावे लागते, आणि ते टोचण्यास शिकलेला हात लागतो. जेथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेथे ही अट सोपी नव्हे. मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्यांना शीतपेटी लागत नाही, सुईही लागत नाही. त्या खरोखर उपयोगी पडतात काय? सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १६२० स्त्रियांवर याची परीक्षा झाली. प्रसूती करणाऱ्या, गोळ्या देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या होत्या साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे गावोगावच्या आपल्या नर्सबाई. कोणाला काय मिळावे हे कोणाच्या मर्जीवर नव्हते. ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरत असे. ८१२ स्त्रियांना खऱ्या गोळ्या मिळाल्या, तर ८०८ स्त्रियांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. कोणती कोणाला मिळाली हे देणारीलाही ठाऊक नसे.

येथे कोणी विचारील, औषध नसलेली गोळी देणे हा अन्याय नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. पण त्या वेळी गोळी गुणकारी आहे की नाही हेच ठाऊक नव्हते. आणि त्या स्त्रियांना नेहमीची शुश्रूषा मिळतच होती. आपल्या आवडीप्रमाणे गोळी दिली असती, तर अशक्त दिसणाऱ्या स्त्रियांनाच ती अधिक मिळाली असती आणि तुलना खोटी ठरली असती. निःपक्षपाती तुलना झाली म्हणूनच तिचे उत्तर पुढे लक्षावधी मातांच्या कामी येऊ शकले.

ते उत्तर २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण औषधाविना शेकडा १२ होते. औषधाने ते शेकडा ६.४ वर आले. एक लिटर किंवा अधिक रक्त जाण्याचे प्रमाण शेकडा १.२ वरून ०.२ वर आले. अठरा स्त्रियांना गोळ्या दिल्या तर एकीचा अतिरिक्त रक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. थंडी वाजणे व ताप येणे हे त्रास औषधाने वाढले, पण ते तात्पुरते होते. तेही लपविले गेले नाही. लाभ आणि त्रास दोन्ही एकाच तागडीत तोलणे हे खऱ्या पुराव्याचे लक्षण होय.

याचा परिणाम दूरवर झाला. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने, या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. खुणांची पिशवीही पुढे गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत अशा पिशवीने रक्त मोजून, मर्यादा ओलांडताच ठरलेले सर्व उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत तपासली गेली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीव्र रक्तस्राव आणि त्यापायी होणारी शस्त्रक्रिया व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

तथापि पुरावा म्हणजे डोळे मिटून पाळावयाचा हुकूम नव्हे. जेथे ऑक्सिटोसिन नीट थंड ठेवलेले आहे आणि टोचणारी परिचारिका हजर आहे, तेथे प्रथम पसंती त्यालाच. गोळ्या आहेत त्या जेथे ते शक्य नाही तेथे. गोळ्या देण्यापूर्वी पोटात दुसरे मूल नाही ना, हे हाताने चाचपून पाहिलेच पाहिजे; कारण जुळ्यांपैकी एक आत असताना हे औषध घातक ठरू शकते. गोळ्या दिल्यावरही रक्त थांबत नसेल तर वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावयाचे, मग ते बिदरला असो की सीमेपलीकडे उदगीरला. दुखण्याला राज्याची हद्द ठाऊक नसते. पुरावा वाट दाखवितो. समोरच्या मातेची प्रकृती पाहणे, तिला विश्वासात घेणे, गाडीची सोय आधीच करून ठेवणे, ही कामे परिचारिकेच्या विवेकाचीच राहतात.

आणि त्या सासूबाईंचे काय? त्यांना अडाणी म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. पण त्यांनी पाहिले ते खोटे नाही. थोडे रक्त जातेच आणि बहुतेक बाया त्यातून वाचतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले. त्यांना दिसल्या नाहीत त्या मोजणीअभावी निसटून गेलेल्या काही थोड्या. पिशवीवरील खूण त्यांना दाखवावी आणि सांगावे, "आजी, इथपर्यंत चिंता नाही, याच्या वर गेले की गाडी बोलवायची." खूण वाचावयास भाषा लागत नाही, ती कन्नड घरात जशी कळते तशीच मराठी घरातही कळते. दयाळू हाताला मोजक्या नजरेची जोड मिळते, तेव्हाच बाईच्या या पुनर्जन्माला खरा पहारा बसतो.