अपवाद कोणी ठरवायचा?

जालन्याहून मेहकरकडे जाताना वाटेत सिंदखेडराजा लागते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले हे गाव जिजाऊंचे माहेर म्हणून सर्वांना ठाऊक आहे. वाड्याचा दरवाजा पाहून मंडळी परततात. पण त्याच गावात जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची दगडी समाधी आहे. तिच्यापुढे घटकाभर उभे राहा. राज्यशास्त्राचा एक मोठा प्रश्न तिथे आपल्यासमोर येतो.

लखुजी हे निजामशाहीतले बडे सरदार. मध्यंतरी ते मोगलांना जाऊन मिळाले आणि पुढे परत आले. सन १६२९ च्या जुलै महिन्यात ते मुलगे व नातू यांच्यासह दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या मुजऱ्याला गेले. तिथेच दरबारात त्यांना कापून काढण्यात आले. चौकशी नाही, आरोप नाही, बाजू मांडायला सवड नाही. सुलतानाच्या मनात संशय आला आणि तेवढ्यावर काम भागले!

अशा सत्तेला आपण निरंकुश सत्ता म्हणतो. निरंकुश म्हणजे केवळ क्रूर नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. निरंकुश राजा दयाळूही असू शकतो. मग निरंकुश म्हणजे काय? तर त्याच्या शब्दावर दाद मागायला जागा नसते. हत्तीच्या डोक्यावर अंकुश नाही, एवढाच त्याचा अर्थ. हत्ती आज शांत आहे की नाही, हा निराळा प्रश्न.

तुम्ही विचाराल, असली सत्ता हवी असे शहाण्या माणसांना तरी का वाटले? त्याला कारण आहे. इंग्लंडात यादवी माजली, १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. ते सारे पाहिलेल्या हॉब्ज नावाच्या पंडिताने १६५१ मध्ये ग्रंथ लिहून सांगितले की, सर्वांवर एकच जबर सत्ता नसेल तर जो तो दुसऱ्याच्या जिवावर उठेल. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदारांविषयी असाच इशारा आहे. त्यांना मोकळे सोडले तर ते राज्याचे वाटेकरी होऊन बसतील, म्हणून त्यांना आवरायला धनी बळकट हवा. या बोलण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? ज्या गावात कोणाचाच वचक नाही, तिथे गरिबाचे हाल आधी होतात.

पण दौलताबादेत पुढे काय झाले तेही पाहा. जाधवांची मागे राहिलेली माणसे मोगलांकडे गेली. जावई शहाजीराजांनीही निजामशहाला सोडले. पुढे खुद्द त्या सुलतानाला त्याच्याच वजिराने, फत्तेखानाने, ठार केले. १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. लखुजींच्या हत्येनंतर अवघ्या सात वर्षांत! जिथे दाद मागता येत नाही, तिथे माणसे दाद मागत बसत नाहीत, ती निघून जातात, नाहीतर शस्त्र उपसतात. हॉब्जने ज्या अराजकाची धास्ती घेतली, ते निरंकुश सत्तेच्या दारातूनही आत येते.

म्हणून दुसरे विचार पुढे आले. लॉक म्हणाला, राज्य लोकांच्या संमतीवर उभे असते आणि माणसाचे काही हक्क राजाने दिलेले नसतात, म्हणून राजाला ते काढून घेता येत नाहीत. मॉन्तेस्क्यूने १७४८ मध्ये सुचवले की, कायदा करणारा, अंमल करणारा आणि न्याय देणारा हे वेगवेगळे असावेत. म्हणजे एकाचा अंकुश दुसऱ्यावर राहील.

आता नीतीकडे वळू. नीतीतही असाच एक पक्ष आहे. तो म्हणतो, नियम म्हणजे नियम, त्याला अपवाद नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ मध्ये असे मत मांडले की, खुनी माणूस दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला तरी खोटे बोलू नये. महाभारताचे मत वेगळे आहे. कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा येते. लोक जीव घेऊन रानात दडले होते आणि त्याने सत्याच्या हट्टापायी लुटारूंना त्यांची वाट दाखवली. ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला.

तुमचा आमचा कौल बहुधा महाभारताकडेच पडेल. नियमाला अपवाद असतात, हे आपण रोज अनुभवतो. पण इथेच एक खाचखळगा आहे. निजामशहालाही वाटलेच असेल की, लखुजींचा प्रसंग अपवादाचा आहे! एकदा मोगलांना मिळालेला सरदार, त्याची कसली चौकशी करायची? म्हणजे खरा प्रश्न अपवाद असावेत की नसावेत, हा नाही. अपवाद कोणी ठरवायचा आणि ठरवणाऱ्याने जाब कोणाला द्यायचा, हा आहे.

१७७३ मध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना तोंडावर सांगितले की, या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे, आणि ते पुणे सोडून गेले, अशी हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. शास्त्रीबुवांजवळ फौज नव्हती. ‘खुनाला शिक्षा, मग खुनी कोणीही असो’ एवढेच अढळ तत्त्व होते. निरंकुश सत्तेपुढे उभे राहायला असे एखादे निरपवाद तत्त्व लागते. सगळेच सापेक्ष आहे म्हणणारा माणूस अशा वेळी कशावर पाय रोवणार?

हे सगळे जुन्या काळचे, असे समजू नका. १९७५ साली देशात आणीबाणी आली. आणीबाणी म्हणजे तर अपवादच! अटकेतल्या माणसांना न्यायालयात दाद मागता येईल काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. एखाद्या अधिकाऱ्याने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तरी उपाय नाही काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले. सरकारी बाजूचे उत्तर ‘नाही’ असेच आले. एप्रिल १९७६ मध्ये चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. खन्नांनी एकट्याने विरुद्ध निकाल दिला. पुढे त्यांना डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. पण १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरले की, आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क तहकूब करता येणार नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकालही चुकीचा ठरवला.

म्हणजे आपण काय शिकलो? बहुतेक नियमांना अपवाद ठेवावेत, पण ते आधी, उघडपणे आणि सर्वांदेखत ठरवावेत. आणि एखाददुसरा नियम मात्र असा राखावा की, ज्याला कोणीही, कसल्याही निकडीत हात लावू नये.

उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो तेव्हा हे करून पाहा. घरटी सारखे हंडे, हा नियम. बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल त्या घराला दोन जास्त, हा अपवाद. तो ग्रामसभेत आधी ठरला असेल तर कोणी कुरकुरत नाही. पण टँकरपाशी उभा असलेला एकच माणूस तो मनाला येईल तसा ठरवू लागला, तर तो कितीही भला असो, त्याला थांबवून विचारा, ‘दादा, हे कोणी ठरवले?’ लखुजींच्या वेळी दरबारात हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. आपल्याला ती आहे. वापरली नाही तर ती गंजते.