यिर्मयाचा नकार: खरी नम्रता की ठरलेला साचा?

प्रबंधाचा आराखडा मांडताना एका परीक्षकांनी मला विचारलं, "यिर्मया म्हणतो मला बोलता येत नाही. ही त्याची खरी भीती कशावरून? मोशेही हेच म्हणतो ना?" मला धड उत्तर देता आलं नाही. जुन्या ग्रंथांवर काम करणार असाल तर हा पेच तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून आज त्यावर लिहितेय.

नॉर्मन हेबल यांनी १९६५ मध्ये दाखवलं की बायबलमधल्या पाचारणाच्या कथांना एक ठरलेला घाट आहे: भेट, प्रास्ताविक शब्द, कामगिरी, हरकत, धीर आणि खूण. म्हणजे हरकत हा त्या घाटाचाच एक टप्पा. मोशेची जीभ जड, गिदोनचं कूळ मनश्शेत सर्वांत दुबळं आणि यिर्मया 'नआर'.

या हिब्रू शब्दाचा अर्थ आपण पटकन 'लहान मुलगा' असा घेतो. पण शौलाचा सेवक सीबा यालाही नआर म्हटलंय, आणि त्याला पंधरा मुलगे होते! राजा झालेला शलमोनही स्वतःला लहान नआर म्हणवतो. तेव्हा या एका शब्दावरून यिर्मयाचं वय काढता येत नाही.

मग ही नम्रता खोटी का? तसंही नाही. अर्जाखाली आपण सगळेच 'आपला विश्वासू' लिहितो. तेवढ्यावरून ना विश्वास सिद्ध होतो, ना लबाडी. पाहायचं ते हे, की प्रत्येक कथा त्या साच्याचं काय करते.

मोशे शेवटी दुसऱ्या कुणाला तरी पाठव म्हणतो. देव रागावतो, पण अहरोनला जोडीला देतो. यशया आपले ओठ अशुद्ध असल्याचं कबूल करतो, आणि ते शुद्ध झाल्यावर स्वतःहून पुढे होतो. यिर्मयाच्या तोंडाला देवाचा हात लागतो. इथे प्रश्न मिटायला हवा होता. पण विसाव्या अध्यायात, मार खाऊन खोड्यात अडकवलं गेल्यानंतर, तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. विलापालाही साचा असतो, हे मान्य. तरी पहिल्या अध्यायातला धीर आणि हा आक्रोश एकाच ग्रंथात ठेवलेत, ग्रंथाने एकासाठी दुसरा गाळलेला नाही.

आणखी एक गोष्ट. मोशे, गिदोन, यिर्मया, कुणालाच 'तू समर्थ आहेस, भिऊ नकोस' असं उत्तर मिळत नाही. मिळतं ते सोबतीचं आश्वासन. दुबळेपणा आहे तिथेच राहतो, काम मात्र सुटत नाही.

म्हणून मी माझं विधान बदललं. 'यिर्मया नम्र होता' हे मला सिद्ध करता येणार नाही. 'ग्रंथ त्याचा दुबळेपणा पाचारणानंतरही झाकत नाही' हे मात्र ओळींवर बोट ठेवून दाखवता येतं. तुमचाही आराखडा एकदा असा तपासा: तुमचं विधान माणसाच्या मनाबद्दल आहे की समोरच्या मजकुराबद्दल? पहिलं असेल तर त्याला पुरावा कुठून आणणार, हे परीक्षकांनी विचारायच्या आधी स्वतःला विचारून ठेवा.